टाकीचं विरजण

सकाळी उठल्यावर लोक आधी तोंड धुतात. नकोबा आधी शेणात हात घालायचा. गोठ्याच्या कडेला सिमेंटची गोल कुंडी होती. तिच्यात दोन्ही म्हशींचं शेण टाकायचं, जेवढं शेण तेवढंच पाणी ओतायचं आणि कोपरापर्यंत हात बुडवून एकेक गोळा फोडत बसायचं. काडी लागली की बाहेर, खडा लागला की बाहेर. काला ताकासारखा सरसरीत झाला की कुंडीच्या तळाचा बोळा उपसायचा, मग सगळं गुडगुड करत जमिनीखालच्या टाकीत उतरायचं. टाकीच्या घुमटावरून निघालेली नळी भिंतीतून स्वयंपाकघरात गेली होती आणि तिच्या टोकाला शेगडी होती. कळ फिरवून काडी दाखवली की निळी ज्योत उभी राहायची.

"बाबा, अहो काठीनं ढवळा की!" लेक दारातून ओरडली. ती चार दिवस माहेरी आली होती.

"नको."

"मग हातमोजे तरी घाला. मुद्दाम आणलेत मी."

"नको."

"थंडीत हात गारठून जातील."

"जाऊ देत. काठीला खडा कळत नाही."

त्याचं खरं नाव काही वेगळं होतं, पण ते फक्त तलाठ्याला माहीत असावं. अख्खा गाव त्याला नकोबाच म्हणायचा. कुणी काहीही विचारा, पहिलं उत्तर 'नको'. चहा घेता का? नको. आणि मग दोन कप पिऊन जायचा. मनानं वाईट नव्हता, पण होकार त्याच्या तोंडातून निघायचा तो कणसातून किडा निघावा तसा, उशिरा आणि नाइलाजानं.

ही टाकीही त्याची नव्हतीच. ती बायकोची होती. शेतकी खात्याची एक बाई गावात येऊन सांगून गेली की घरच्या शेणावर घरचा गॅस होतो, धूर नाही, सरपण नाही, आणि टाकीतून बाहेर पडणारी मळी शेताला खतापेक्षा सरस. त्याच दिवशी बायकोनं घरी येऊन विषय काढला होता. नकोबा म्हणाला, "नको. शेणाच्या वाफेवर शिजवलेलं मी खाणार नाही." पुढच्या वर्षी तिनं परत विचारलं, त्याच्याही पुढच्या वर्षी विचारलं. ती ओली लाकडं फुंकत राहिली, खोकत राहिली, आणि हा नको नको म्हणत राहिला. शेवटी एका उन्हाळ्यात तिनं विचारणंच बंद केलं. गोठ्यामागं कुदळ घेऊन एकटीनं खड्डा खणायला लागली. नकोबा येता-जाता बघायचा आणि मान वळवायचा. खड्डा तिच्या कमरेपर्यंत आला, तेव्हा मात्र हा निमूटपणे आत उतरला आणि तिच्या हातातली कुदळ काढून घेतली.

गवंडी घुमट बांधून गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, नव्या टाकीला जुन्या टाकीचा काला लागतो. दुधाला विरजण लागतं ना, तसंच. नुसत्या शेणावरही धरते कधीकधी, पण बऱ्याचदा आंबून बसते."

मग ती लांब बहिणीच्या गावी गेली आणि दोन झाकणाचे डबे भरून काला घेऊन आली, तोही भरलेल्या बसमधून, मांडीवर घेऊन. एका डब्याचं झाकण सैल होतं. पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. सगळ्या खिडक्या उघडल्या, एक गृहस्थ मधेच उतरून गेला. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आहे काय डब्यात?" ही म्हणाली, "विरजण." तो म्हणाला, "असलं दही खाणारी माणसं तरी बघायला पाहिजेत एकदा!" ही गोष्ट ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची आणि सांगताना स्वतःच इतकी हसायची, की शेवट खोकल्यात बुडून जायचा.

पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा ती ज्योतीकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नकोबा म्हणाला, "आता तर धूर नाही, मग डोळ्यांत पाणी कशाचं?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि भाताचं पातेलं शेगडीवर चढवलं. त्या दिवशी तो मुकाट्यानं जेवला आणि वर भात मागून घेतला.

पण गॅस उशिरा आला होता. चुलीचा धूर तिच्या छातीत कधीचाच घर करून बसला होता. गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं एकदम वाढलं, लेकीला निरोप पोचेपर्यंत उशीर झाला, आणि लेक आली ती सगळं संपल्यावर. दारातच बसून राहिली होती पोर, आत यायचं धाडस होईना.

त्यानंतर ज्या माणसानं जन्मात कधी त्या कुंडीत बोट बुडवलं नव्हतं, तो रोज कोपरापर्यंत हात घालायला लागला. बायकोनं सांगितलेलं त्याच्या कानात होतं. ती म्हणायची, "टाकी जिवंत असते, बरं का. तिच्या पोटात बारीक जीव असतात. त्यांना रोज खायला घालायचं आणि विषापासून जपायचं. साबण नको, फिनेल नको, कसलं औषध नको. मेली तर परत उठायची नाही." आणि तो मनाशी म्हणायचा की रोज नवं शेण जातं, जुनी मळी बाहेर पडते, पण विरजण तेच आहे. तिनं मांडीवर घेऊन आणलेलं. तिचे कपडे लेकीनं नेले होते, अंथरूण कुणाला तरी देऊन झालं होतं. घरात तिच्या हातचं म्हणावं असं जिवंत एवढंच उरलं होतं. म्हणून शेगडीवर चहा ठेवला की तो उगाच जरा वेळ ज्योतीकडे बघत बसायचा. कधीकधी बोलायचाही तिच्याशी. हे अर्थात कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी शेण कालवून झाल्यावर तो वैरण आणायला शेतावर गेला. परत आला तो डोक्यावर भारा घेऊन, आणि फाटकातच थबकला. वास आला होता. उग्र, दवाखान्यासारखा.

"बाबा, डोळे मिटा!" लेक गोठ्यातून पळत आली. "नाही, नको, उघडा. बघा! ओळखू येतोय का गोठा?"

गोठा ओळखू येत नव्हता. फरशी लख्ख घासलेली, गव्हाणी धुतलेल्या, भिंतीचे कोपरे खरवडलेले. म्हशीसुद्धा पाहुण्यांच्या घरी आल्यासारख्या अवघडून उभ्या होत्या.

"काय घातलंस?"

"फिनेल. गावातून आणलं. अख्खा कॅन ओतला. बघा, एक माशी आहे का?"

"आणि पाणी? पाणी कुठं गेलं?"

"कुठं म्हणजे? आईनं नाली काय झकास काढून ठेवलीय! गोठ्यातलं पाणी आपोआप कुंडीत आणि कुंडीतून आत. मी बोळा काढूनच ठेवला होता. एक थेंब बाहेर सांडला नाही बाबा. हिशेबी बाई होती माझी आई."

नाली आईनंच काढली होती, हे खरं. म्हशीचं मूत आणि धुण्याचं पाणी वाया जाऊ नये, टाकीला वेगळं पाणी ओढावं लागू नये, म्हणून तिनं गोठ्याला उतार देऊन घेतला होता. लेकीचं लग्न टाकीच्या आधी झालेलं. ती यायची ती दोन दिवसांसाठी, आयतं पेटलेल्या शेगडीवर चहा करायची. टाकीला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिला कोण आणि कधी सांगणार होतं?

नकोबानं भारा खाली टाकला आणि कुंडीत डोकावलं. तळाशी थोडं पाणी राहिलं होतं, दुधासारखं पांढरं.

त्याच्या रागाची गावात ख्याती होती. एकदा नांगराचा फाळ कुणी न विचारता नेला म्हणून त्यानं सबंध गल्ली डोक्यावर घेतली होती. आताही शिवी घशापर्यंत आली. त्यानं वर बघितलं. लेक त्याच्यासमोर उभी होती, केस विस्कटलेले, आणि हात पुढं धरलेले. फिनेलनं हातांची सालं निघाली होती, बोटं लाल झाली होती. हातमोजे बापासाठी आणले होते, स्वतः घालायचं सुचलं नव्हतं.

"आईसाठी काही करता आलं नाही मला," ती म्हणाली. "वेळेवर पोचले नाही. म्हटलं, निदान तिचा गोठा तरी चकचकीत करून जावा. ती असती तर म्हणाली असती ना, पोरीनं नाव काढलं?"

नकोबाच्या घशातली शिवी तिथंच राहिली.

"म्हणाली असती," तो म्हणाला. "चांगलं केलंस."

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. बापानं जन्मात पहिल्यांदा तिला चांगलं म्हटलं होतं. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली, आणि नकोबा तिच्या पाठीवर मळका हात लागू नये म्हणून तो लांब धरून उभा राहिला.

ती आत गेल्यावर त्यानं बोळा घट्ट ठोकला. टाकीच्या मागच्या तोंडातून बादल्यांवर बादल्या मळी उपसली. लेकीनं विचारलं तर म्हणाला, भाजीच्या वाफ्याला हवी आहे. ताजं शेण कालवून आत सोडलं. बुडालेल्या माणसाला कोरडे कपडे घालावेत तसला तो उद्योग होता. मळीलाही फिनेलचा वास येत होता.

संध्याकाळी शेगडी मात्र पेटली. निळीशार, रोजच्यासारखी. लेक स्वयंपाक करताना गुणगुणत होती. नकोबा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला माहीत होतं, की घुमटात साठलेला गॅस आहे तोवर ही पेटेल. टाकी मेली होती आणि तिचा उरलेला श्वास जळत होता. त्यानं ताट तसंच सरकवून ठेवलं. "भूक नाही का?" लेकीनं विचारलं. "नको आता," तो म्हणाला, आणि तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योत बोटभर झाली.

"बारीक झालीय का हो बाबा ही?"

"थंडी आहे. थंडीत टाकी सुस्तावते."

"आई पण म्हणायची का असं?"

"तीच म्हणायची."

मग तो उठला आणि ज्या वाटेनं बरीच वर्षं गेला नव्हता, त्या वाटेनं निघाला. धाकट्या भावाचं घर बांधापलीकडे होतं. बांधावरच्या पायवाटेवरून दोघांचं बिनसलं होतं. वाट कुणाची, एवढाच प्रश्न होता. बोलणं बंद झालं ते झालंच. पण भावानंही त्याच गवंड्याकडून तशीच टाकी बांधून घेतली होती, हे नकोबाला ठाऊक होतं. टाकी आहे म्हणजे काला असणार. दोन बादल्या मागायच्या. पाया पडावं लागलं तर पडायचं.

भाऊ बाजारला गेला होता. भावाची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणायचे, चुलीपुढं बसली होती. घरात धूर कोंडला होता. थोरल्या दिराला दारात बघून ती गडबडून उठली.

"दादा, तुम्ही? सगळं ठीक आहे ना? पोरीला काही..."

"पोर बरी आहे. धाकटे, मागायला आलोय. नाही म्हणू नकोस. टाकीतला काला दे दोन बादल्या. आमची टाकी गेली."

धाकटी बोलायला गेली, तर तिला खोकला आला. छातीच्या तळातून वर येणारा, थांबता न थांबणारा खोकला. नकोबाला तो पाठ होता. तसला खोकला त्यानं स्वतःच्या घरात कित्येक हिवाळे ऐकला होता.

"कुठली टाकी दादा?" ती दम खाऊन म्हणाली. "या, दाखवते."

मागच्या अंगणात घुमटाचं तोंड मातीनं भरलेलं होतं. त्यावर मिरचीची रोपं लावली होती.

"आंबली," धाकटी म्हणाली. "विरजणाशिवाय भरली होती. महिनाभर वाट बघितली, नुसता घाण वास. हे चिडले आणि माती लोटली."

"विरजण का नाही आणलंस कुठनं?"

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"आणायला आले होते की. जाऊबाईंकडे. त्यांनी बादली भरली, झाकण लावलं आणि बांधापर्यंत आल्या. मी पलीकडे उभी होते. मग तिथंच थांबल्या. म्हणाल्या, 'काल यांना विचारलं, तर नको म्हणाले. त्यांच्या नकळत दिलं, तर मला जेवण गोड लागायचं नाही. जरा थांब, मी परत विचारते.' आणि बादली घेऊन माघारी गेल्या. रडत होत्या."

नकोबाला आठवलं. जेवताना तिनं विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. 'धाकटीला थोडा काला देऊ का? आपलं काय जातं? उरतंच की.' आणि तो म्हणाला होता, "नको. त्या घरात माझ्या गोठ्यातला शेणाचा पोसुद्धा जाणार नाही." आणि जेवत राहिला होता.

"त्या दिवशी दिलं असतं ना दादा," धाकटी मिरचीच्या रोपाचं एक पिवळं पान खुडत म्हणाली, "तर आज मी तुम्हाला त्यांचंच परत दिलं असतं."

नकोबा मिरच्यांकडे बघत उभा राहिला. लेकीनं एक कॅन ओतला होता, तोही मायेपोटी, न कळता. आपण तर जाणूनबुजून, पोटभर जेवता जेवता मारलं होतं. तिचं विरजण बांधापलीकडे जगलं असतं. आणि इथली ही बाईही अशी खोकली नसती.

"जाऊबाईंच्या बहिणीकडे असेल की मूळचं," धाकटी समजूत घालत म्हणाली.

"तिच्याकडे सिलिंडर आला. टाकी बुजवली त्यांनी."

"चहा घेता?"

त्याला नको म्हणायचं होतं. पण तो शब्दच आता तोंडात धरवेना. तो तसाच वळून बांधावरून घरी आला.

लेक जायच्या सकाळी ज्योत नखाएवढी होती. तिनं हट्टानं त्याच शेगडीवर चहा ठेवला. पाणी कोमट व्हायलाच युगं लागली. बसची वेळ होत आली होती, पिशव्या दारात होत्या.

"चूल मांडून करू का पटकन?" नकोबा म्हणाला.

"छे! आईच्या शेगडीवरचाच पिऊन जाणार मी."

चहाला उकळी काही फुटली नाही. कडेला चार बुडबुडे आले एवढंच. मग ज्योतीनं एकदा उंच मान केली, पिवळी झाली आणि गेली. लेकीनं कळ फिरवून बघितली. नकोबानं तिच्या हातून काडेपेटी घेतली.

"राहू दे. थंडी ओसरली की येईल परत."

"नक्की ना?"

"तू पी."

तिनं तो अर्धाकच्चा चहा प्यायला आणि छान झालाय म्हणाली. निघताना एकदा गोठ्यात जाऊन स्वच्छ फरशीवर नजर फिरवून आली. "तिचं सगळं नीट ठेवताय तुम्ही बाबा. मला आता घोर नाही," असं म्हणून बसमध्ये चढली. नकोबा बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिला. मग घरी येऊन त्या थंड शेगडीशेजारी बसला आणि तोंडावर गमछा दाबून ओक्साबोक्शी रडला.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. कुंडी बघितली, मागचं तोंड बघितलं, मान हलवली.

"उपसून देतो सगळी. पलीकडच्या गावातनं दुसरा काला आणू. वैशाखापर्यंत पेटेल परत."

"आण. पण आधी धाकटीची टाकी उकर. तिच्यात घाल. शेण माझ्या म्हशींचं ने, लागेल तेवढं ने. मी आणून देतो बांधापर्यंत."

गवंड्यानं कानावर विश्वास नसल्यासारखं बघितलं. "बरं. आणि तुमच्यात?"

नकोबा घुमटाकडे बघत होता. दुसऱ्याचं विरजण घातलं असतं, तर गॅस आला असता. गॅसला काय, कुठलाही निळाच जळतो. पण शेगडीपुढं बसून मग बोलायचं कुणाशी?

"आमच्यात नको," तो म्हणाला.

त्यानं माळ्यावरून कुऱ्हाड काढली, वाळकी फांदी फोडली आणि अडगळीतली चूल बाहेर आणून मांडली. लाकडं ओली निघाली. फुंकून फुंकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घर पूर्वीसारखं धुरानं भरलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, जेवण झालं का?"

"चाललंय."

"आवाज असा का येतोय? खोकताय का?"

"ठसका लागला."

"काळजी घ्या हो. आणि बाबा, थंडी ओसरायला लागली की आता. आईची शेगडी पेटते ना परत? निळी?"

नकोबानं चुलीतलं लाकूड आत सारलं. धुरातून त्याला कोपऱ्यातली शेगडी दिसत होती, पुसून ठेवलेली. सगळं आयुष्य ज्या माणसाला हा शब्द जड गेला, बायकोनं वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली, तो शब्द त्या दिवशी न अडखळता त्याच्या तोंडून आला.

"हो," तो म्हणाला. "हो गं पोरी, हो."